सूर्यभान फोटोवाल्याची शिशाची गोधडी

सूर्यभान फोटोवाल्यानं उभ्या जन्मात अर्ध्या माणसाचा फोटो काढला नव्हता. त्याच्या मते अर्धा फोटो म्हणजे यमाला धाडलेलं निमंत्रण. छातीपर्यंतचाच फोटो काढला तर माणसाचं आयुष्यही छातीपाशीच अडकून बसतं, हे तो अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या स्टुडिओत इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगे, की गिऱ्हाईक आपोआप मागे सरकून पायातले जोडे दिसतील अशा बेतानं उभं राही. पुराव्यादाखल अंजनगाव सुर्जीच्या एका देशमुखांची गोष्ट तयार असे. त्यांनी हट्टानं दुसऱ्या एका फोटोवाल्याकडून कमरेपर्यंतचाच फोटो काढून घेतला आणि पुढच्या दिवाळीला ते नव्हते. देशमुख तेव्हा नव्वदीला टेकले होते आणि फोटोसाठी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं, एवढा तपशील सूर्यभान गाळत असे. नको ते पुसून टाकणं हा फोटोवाल्याच्या धंद्याचाच भाग आहे.

मूळ कारण साधं होतं. पूर्ण फोटोला काच मोठी लागे आणि मोठ्या काचेचा दरही मोठा. पण थाप रोज मारली की काही वर्षांनी ती मारणाऱ्यालाच पटू लागते. सूर्यभानचं तसंच झालं. पन्नाशीला येईपर्यंत त्याचा स्वतःचाच त्या अपशकुनावर इतका विश्वास बसला होता, की आरशात दाढी करतानाही तो एकदा मागे जाऊन पाय पाहून घेई.

घरचा धंदा फुलांचा. मोर्णा नदीच्या काठाला मळा, भाऊ झेंडू-शेवंती पिकवत आणि बायका पहाटे हार ओवत. या घरात सूर्यभान हाच एक कलावंत निघाला, म्हणजे त्यानं कुदळीला कधी हात लावला नाही. त्याची बायको गोदाबाई मळ्यातलीच. ती म्हणे, "आमच्या घरी समदे फुलं पिकवतेत, अन् हे एकटे फुलते." हे ती त्याच्या तोंडावर म्हणे आणि त्याला ते कौतुक वाटे.

वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं, राज्य इंग्रजाचं आणि कचेरी नागपूरची. तीन मालकांच्या घरात दिवा सगळ्यांत शेवटी लागतो, त्याप्रमाणे अकोल्यात वीज आली ती जरा रमतगमतच आली. पण आली. आणि तिच्या मागोमाग वामनराव डॉक्टरांच्या दवाखान्यात हाडांचे फोटो काढायचं यंत्र आलं. वामनराव कलकत्त्याला शिकलेले, स्वभावानं भले, आणि बोलण्यात एकच दोष, की ते एक गोष्ट एकदाच सांगत. अकोल्यात एकदा सांगितलेलं कुणी ऐकत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की लोकांना वाटतं, आता हा माणूस विचारात पडला. तिसऱ्यांदा सांगितलं की कुठे ऐकायला सुरुवात होते.

सूर्यभानचा स्टुडिओ तेव्हा बुडत चालला होता. पडद्यावरच्या तळ्यातले दोन्ही हंस पिवळे पडले होते, आणि गावात एक तरुण फोटोवाला आला होता, तो गिऱ्हाइकांना चक्क हसायला सांगे. डॉक्टरांना अंधाऱ्या खोलीत बसून फोटो धुणारा माणूस हवा होता. अंधाराची सवय असलेला सूर्यभानइतका अनुभवी माणूस गावात दुसरा नव्हता. उरलेले सगळे पोलिसांच्या नजरेत होते. त्याला नोकरी मिळाली.

यंत्राबरोबर लाकडी खोक्यातून काही वस्तू आल्या होत्या. शिसं मिसळलेल्या जाड रबराचा एक भलामोठा, जड डगला, तसलेच हातमोजे आणि आतून शिशाचा पत्रा मारलेलं एक पितळी नरसाळं. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, की हे नरसाळं यंत्राच्या तोंडाशी बसवायचं, म्हणजे जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच किरण पडतात; डगला आणि मोजे आपण घालायचे; आणि लेकरांच्या बाबतीत जास्तच जपायचं. एकदाच सांगितलं.

सूर्यभानला ते सगळं कलेचा अपमान वाटलं. फोटोवाल्यानं मोजे घालायचे म्हणजे आचाऱ्यानं डोळे बांधून फोडणी द्यायची. आणि नरसाळं लावलं तर फोटो अर्धाच येणार! त्यानं तिन्ही वस्तू घरी नेल्या. डगला गोदाबाईनं कडब्याच्या गंजीवर वाऱ्यानं उडू नये म्हणून टाकला, मोजे मांजरीला पिल्लं घालायला झाले, आणि नरसाळ्यानं घरात जवसाचं तेल बाटलीत ओतलं जाऊ लागलं. सांडत नाही, असं गोदाबाईचं त्याच्याविषयी मत होतं.

दवाखान्यात सूर्यभाननं स्टुडिओचीच शिस्त लावली. हंसांचा पडदाही आणून टांगला; किरणांत पडदा येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो म्हणाला, न येईना, पण माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळायला नको? लेकराच्या करंगळीला लागलेलं असो, फोटो डोक्यापासून टाचेपर्यंत निघे. डॉक्टर वैतागत. त्यांनी करंगळी मागितलेली असे आणि हातात अख्खं पोर येई. सूर्यभान म्हणे, करंगळी त्याच्यातच हाय जी, शोधा. एवढ्या मोठ्या काचेवर करंगळी दिसे तांदळाच्या कणीएवढी, तेव्हा तिचा वेगळा फोटो पुन्हा काढावाच लागे. शिवाय लेकरं हलत. हललं की फोटो पुसट, पुसट आला की दुसरा, दुसऱ्यालाही हललं की तिसरा. शेवटी सूर्यभान डाव्या हातानं त्याचा दंड किंवा तंगडी जागेवर दाबून धरे आणि उजव्या हातानं खटका ओढे. मग फोटो इतका स्वच्छ येई, की त्यात सूर्यभानची स्वतःची बोटंही दिसत. कलावंतानं चित्राखाली सही करावी तसं त्याला ते वाटे.

दर्यापूरकडच्या पार्बताबाईच्या नातवाचे तर त्यानं मनसोक्त फोटो काढले. पार्बताबाई ही काळ्या वावरांची मालकीण, आवाजानं मजूर हलवणारी. नातू गोवर्धन बैलांच्या दमणीतून पडला आणि लंगडू लागला. पहिल्या फोटोला गोवर्धन शिंकला. दुसऱ्याला त्यानं मान वळवून हंस पाहिले. तिसरा ठीक आला, पण पार्बताबाईच्या मते त्यात पोराची टोपी दिसत नव्हती. मग टोपीसाठी चौथा. टोपी त्यातही आली नाही, पण तिच्या जरीची एक बारीक रेघ उमटली आणि दोन्ही पक्षांचं समाधान झालं. पायाचं हाड चिरलं होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आणि पार्बताबाई गावात सांगत गेली, की फोटोनंच पोराला अर्धं बरं केलं.

सूर्यभानच्या डाव्या हाताची बोटं याच सुमारास कोरडी पडू लागली. आधी कातडी तडकली, मग नखांवर नांगरटीसारखे उभे चर उठले, आणि पुढे तर्जनीवर एक व्रण आला तो काही केल्या भरेना. सूर्यभान म्हणे, फोटो धुवायच्या औषधाचा हा गुण. गोदाबाई तूप लावे. डॉक्टरांनी हात पाहून विचारलं, मोजे घालता ना? सूर्यभान म्हणाला, मोजे घरी जपून ठेवले आहेत. ते खरंच होतं. मांजर त्यांना फार जपे.

मग एका उन्हाळ्यात यंत्रातली काचेची नळी गेली आणि कलकत्त्याहून मिस्त्री आला. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा, हिंदी-बंगाली मिसळून बोलणारा माणूस. सूर्यभाननं त्याला घरी जेवायला नेलं, कारण कलावंतानं कलावंताचा मान ठेवायचा असतो. पाहुणा डाव्या हातानं जेवू लागला. सूर्यभाननं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. गोदाबाईला ती कला येत नव्हती.

"काहून जी," ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या उजव्या हाताची बोटं कुठी गेली?"

पाहुण्यानं उजवा हात ताटाशेजारी ठेवला. त्याला अंगठा होता आणि शेजारचं एक बोट होतं. तो म्हणाला, माईजी, यंत्राने खाल्ली. तरुणपणी मीही हात मध्ये घालून काम करायचो. आधी कातडी कोरडी पडली, मग नखांवर चर उठले. हे सांगताना त्याची नजर सूर्यभानच्या डाव्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. सूर्यभाननं हात पाटाखाली घेतला.

पाहुणा पुढे म्हणाला, की मोठ्या माणसाला हा उजेड सोसतो, पण लेकराला कमी सोसतो. वाढतं अंग असतं. आज लावलेलं आज दिसत नाही, पुष्कळ वर्षांनी दिसतं, आणि दर खेपेचं आधीच्यात मिळत जातं. म्हणून लेकराला लागेल तेवढाच, लागेल तिथेच, आणि शक्यतो एकदाच.

गोदाबाईला हे सांगण्यासाठी कलकत्त्याहून कुणी यायची गरजच नव्हती. "म्हंजे कोवळं रोपच म्हना ना," ती म्हणाली. "चैताच्या उन्हात झाड उभं राह्यते. रोपाले मातर पळसाच्या पानाची सावली करा लागते. हे तं आमच्या मळ्यातल्या बकरीलेबी समजते." आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सूर्यभान आमटीत काही तरी शोधत होता.

त्या दिवसापासून सूर्यभानला सगळं माहीत होतं, आणि त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही. त्याचा हिशेब सरळ होता. हा उजेड जाळतो, असं एकदा गावात फुटलं, की दर्यापूर-अंजनगावकडून येणाऱ्या दमण्या थांबतील, यंत्रावर धूळ बसेल आणि पिवळ्या हंसांखाली उभं राहायला कुणी येणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे लोक मागचं आठवू लागतील. ज्या ज्या पोरांना त्यानं हौसेनं चार-चारदा यंत्राखालच्या फळीवर झोपवलं, त्यांच्या आया दारात येतील. त्यानं एवढंच केलं, की डावा हात खिशात घालायला सुरुवात केली, आणि लेकरू हललं की पुन्हा एक काढायच्या आधी थोडा खोकू लागला. खोकून झाल्यावर तो पुन्हा एक काढीच.

हे असंच चाललं असतं. पण त्याची नात शकुन पेरूच्या झाडावरून पडली.

शकुन ही त्याच्या लेकीची, सत्यभामेची मुलगी. उन्हाळ्यात आजोळी आलेली, झाडावरच राहणारी, जेवायला तेवढी खाली उतरणारी. पडली ती कोपरावर. कोपर सुजून कवठाएवढं झालं. डॉक्टर म्हणाले, सांध्यात हाड सरकलं असेल तर हात कायमचा वाकडा राहील, फोटो पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही. सत्यभामेनं बापाला म्हटलं, बाबा, घ्या मग तिला आत.

उभ्या वऱ्हाडातल्या लेकरांना आत घेणारा सूर्यभान त्या दिवशी म्हणाला, आज वीज बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, औषध संपलं आहे. तिसऱ्या दिवशी गोदाबाईनं ओट्यावर त्याच्यासमोर नरसाळं आपटलं. राख लावून घासलेलं, तेलाचा थेंब नसलेलं.

"लोकाईच्या लेकराले चार खेपा धरत होते, तवा वीज बरोबर होती," ती म्हणाली. "अन् आता तिच्या हाताले वळण नाई राह्यलं तं तो हात कोनाच्या गयात घालनार हाय तुमी?"

मग ती गेली, आणि कडब्याच्या गंजीवरून तो डगला काढून आणला. उन्हापावसानं वरचं कापड गेलं होतं, आतलं शिशाचं रबर शाबूत होतं. एका जागी बसून तिनं त्याला कात्री लावली, लेकराच्या अंगाएवढा तुकडा केला, गळ्याशी खोलगट कापला, आणि जुन्या लुगड्याच्या घड्यांत घालून टाके घातले. झाली गोधडी. हिरव्या काठांची, मऊ, आणि उचलायला दोन हात लागतील इतकी जड. मांजरीला हाकलून मोजेही आणले. त्यांना वास येत होता, पण सूर्यभाननं ते तसेच काखोटीला मारले.

दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, त्यानं शकुनला आत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फोटो काढायच्या आधी विचार केला. यंत्र बंद ठेवून नातीशी खेळ मांडला: दगड कसा झोपतो? शकुन दगडासारखी झोपली. श्वाससुद्धा दगडासारखा धरला. हात कसा ठेवायचा ते त्यानं पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं, दोन्ही बाजूंना वाळूच्या थैल्या लावल्या, मानेपासून पायापर्यंत गोधडी घातली, डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं, यंत्राला नरसाळं बसवलं. सत्यभामेला बाहेर पाठवलं. स्वतः मोजे घालून, खटक्याची जितकी दोरी होती तितका दूर गेला. आणि खटका ओढायच्या आधी त्यानं कुलदैवताला सांगितलं, की हे एवढंच एक. दुसरं मागायला लावू नको.

एकच काढला. स्वच्छ आला. कोपर, आणि फक्त कोपर.

सूर्यभान ओला फोटो हातात धरून बाहेर आला, तर ओसरीवर पार्बताबाई बसली होती. गोवर्धन अजून लंगडतो हे डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून दर्यापूरहून सकाळीच निघालेली, आणि दाराच्या फटीला सकाळपासूनची भूक विसरून डोळा लावलेली. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काहो फोटोवाले," ती शांतपणे म्हणाली. शांतपणा तिच्या घरच्या बैलांनीही फारसा ऐकला नव्हता. "आपल्या नातीले गोधडी, अन् माह्या नातवाले उघडा फयीवर?"

सूर्यभान म्हणाला, थंडी वाजत होती तिला. बाहेर वैशाख होता. दाराशी कुत्रं जीभ काढून पडलं होतं. पार्बताबाईनं त्या कुत्र्याकडे पाहिलं, मग सूर्यभानकडे.

"अन् तुमीबी कोपऱ्यात जाऊन उभे राह्यले. माह्या गोवर्धनले तं गच्च धरून बसले होते. तिचा एक काढला, त्याचे चार. काय हाय ते सांगा. नाई तं म्या अथीच बसते."

ती बसली म्हणजे उठत नसे, हे तालुक्याला माहीत होतं. सत्यभामा दारात उभी होती. गोदाबाई डबा घेऊन आली होती, तीही पायरीवर थबकली. दोघी त्याच्या बाजूनं बोलतील असं त्याला क्षणभर वाटलं, आणि मग त्यांची तोंडं पाहून वाटेनासं झालं. आता थाप मारायची तर चांगली मारायला हवी होती, आणि देशमुखांच्या गोष्टीइतकं चांगलं काही त्याला सुचेना. गोवर्धन एका पायावर उड्या मारत कुत्र्याच्या शेपटीवर नेम धरत होता.

सूर्यभाननं डावा हात खिशातून काढून तिच्यापुढे धरला.

"हा उजेड कातडं जायते, बाई," तो म्हणाला. "मले मालूम होतं. म्हंजे पयले नव्हतं, मंग झालं, तरी नाई सांगतलं. लेकराले जास्त लागते. तुमच्या नातवाले एकानं भागलं असतं. तीन म्या माह्या हौशीनं काढले."

पार्बताबाईनं त्याची बोटं एकेक करून पाहिली, बाजारात भेंडी पाहावी तशी. सूर्यभानच्या डोळ्यांपुढे बंद दवाखाना, तरुण फोटोवाल्याचा हसरा स्टुडिओ आणि मळ्यातली कुदळ, या क्रमानं सगळं येऊन गेलं.

"एका टोपीपायी," ती शेवटी म्हणाली. तिला आठवलं होतं, चौथा फोटो कुणी मागितला ते. मग तिनं गोवर्धनला जवळ ओढलं, त्याचे केस चाचपले, कान पाहिले, पाठ उघडी करून पाहिली. पोर धडधाकट होतं आणि गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होतं. डॉक्टर जेवून आले तेव्हा तिनं त्यांनाही सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, चार फोटोंनी बहुतेक काही होत नाही, घाबरू नका. पण जे लागत नव्हतं ते द्यायला नकोच होतं. आणि हे मी यांना यंत्र आलं त्या दिवशी सांगितलं होतं. पार्बताबाईनं विचारलं, किती खेपा? डॉक्टर म्हणाले, एकदा. ती म्हणाली, मग तुमचाबी गुन्हा हाय. वामनरावांना कलकत्त्याच्या कुठल्याही परीक्षेत असा प्रश्न आला नव्हता.

ती दमणीत बसून गेली, आणि सूर्यभान घरी जाऊन कुदळ कुठे आहे ते पाहून आला.

आठवडी बाजार उलटला. दर्यापूरहून पहिली दमणी आली, तिच्या मागे दुसरी, आणि मागे आणखी. सूर्यभान मागच्या दारानं निसटणार होता, पण लोक भांडायला आले नव्हते. ते फोटो काढायला आले होते. पार्बताबाईनं शब्दाला शब्द सांगितला होता आणि वर पदरचे दोन घातले होते, की तो उजेड बोटं जाळतो, लोखंड खातो, आणि शिशाशिवाय कशाला भीत नाही. यावर तालुक्याचं मत असं पडलं, की मग औषध असावं तर असं. जे झोंबत नाही ते औषध कसलं? इतके दिवस लोकांना तो नुसता फोटो वाटत होता. आता खोकल्याची पोरं आली, जंताची आली, अभ्यासात मन न लागणारी आली. एक बाप म्हणाला, पोट्टं लय द्वाड हाय, जरासं भाजलं तरी चालन.

जे गिऱ्हाईक तुटेल म्हणून सूर्यभाननं वर्षभर खिशात हात लपवला, तेच गिऱ्हाईक आता ओसरीत मावेना. आणि पूर्वी चार काढणाऱ्या या माणसाचा दिवस आता नाही म्हणण्यात जाऊ लागला. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नाही. पडलं नसेल तर नाही. चिठ्ठी असेल तर एक, गोधडीखाली, नरसाळ्यातून, आणि आधी दगडाचा खेळ. कुणी हुज्जत घातली की तो डावा हात वर करी. आणि पार्बताबाई कापसाच्या गाडीबरोबर गावात आली की ओसरीवर ठाण मांडून गोधडी नीट घातली का, हे स्वतः पाही. "मानंपावतर घ्या," ती म्हणे. सूर्यभान घेई.

एकच अडचण राहिली होती, आणि ती त्याची स्वतःचीच होती. नरसाळ्यातून फोटो अर्धाच येई. अर्धाही नाही, नुसतं मनगट, नुसता घोटा. आया कोऱ्या काचेवरचं ते सुटं हाड पाहून हबकत. अर्ध्या फोटोचा अपशकुन आता मूर्तिजापुरापर्यंत पोचला होता. देशमुखांचं वय वाटेत कमी होत होत तिशीवर आलं होतं. ती थाप होती हे सूर्यभाननं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, आता हे डॉक्टरच्या दबावानं बोलतात. खुद्द सत्यभामा शकुनचं ते सुटं कोपर पाहून रडली होती, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री सूर्यभानलाही नीट झोप लागली नव्हती.

शेवटी कला कामी आली. त्यानं शकुनच्या कोपराचा कागदावर ठसा काढला, तो एका मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवला आणि कुंचला घेऊन सभोवती उरलेली शकुन काढली. डोकं, दोन वेण्या, परकर, पायांतले तोडे, हातात पेरू. मागे तळं आणि हंस, या वेळी पांढरेशुभ्र. पूर्ण मुलगी, डोक्यापासून टाचेपर्यंत, फक्त एका कोपरात हाडं. सत्यभामेनं डोळे पुसले. शकुनचा हात डॉक्टरांनी बसवला आणि तो सरळ राहिला, पण आजोळी त्याचं श्रेय अजून चित्रालाच दिलं जातं.

डॉक्टरांकडे काच, आईबापांकडे चित्र, अशी वाटणी ठरून गेली. अकोल्यापासून अंजनगावापर्यंतच्या घराघरांत जरीची टोपी घातलेली, गुडघ्यात हाडं चमकणारी गुटगुटीत बाळं भिंतीवर टांगली गेली. वामनरावांनी अमरावतीला डॉक्टरांच्या बैठकीत ती गोधडी आणि नरसाळं नेऊन दाखवलं. तिथल्या लोकांनी गोधडीचं कौतुक केलं आणि तिला कडब्याचा वास का येतो, असं विचारलं. नरसाळ्याविषयी मात्र कुणी काही विचारलं नाही.

गोवर्धन पुढच्या पोळ्याला पार बरा होऊन पळत आला. पार्बताबाई म्हणाली, आता एक शेवटचा काढा, पाय जुळला का ते पाहू. डॉक्टरांनी पोराला ओसरीभर पळवलं, पाय दाबून पाहिला आणि काही गरज नाही म्हणाले. दोनदा म्हणाले, ते आता शिकले होते. पण पार्बताबाई दर्यापूरहून रिकाम्या हातानं परत जायला आली नव्हती. माह्याच नातवाचं चित्र घरात नाही, ती म्हणाली, साऱ्या गावाच्या भिंती भरल्या आणि ज्यानं चार सोसले त्याची भिंत रिकामी. चारही काचा तिच्या घरच्या गड्यानं वावरात नेऊन पुरल्या होत्या, तिच्याच हुकमानं; तो उजेड काचेत उरला असेल, अशी तिला धास्ती होती.

सूर्यभान विचारात पडला. त्यानं तिला बसवलं, यंत्राच्या खोलीचं दार ओढून कडी घातली, आणि तिच्यासमोरच कुंचला भिजवला. गोवर्धन काढला. टोपी काढली, जर अगदी ठसठशीत. मग अंगरख्याच्या आत, आठवणीनं आणि अंदाजानं, त्यानं हाडं काढली. पायाचं जुळलेलं हाड, कमरेचं तबक, छातीचा पिंजरा, सगळं पांढऱ्या रंगात. खटका नाही, किरण नाही. गोवर्धन तेवढा वेळ कुत्र्याशी खेळत होता आणि कुणी त्याला हलू नको म्हणालं नाही.

पार्बताबाईनं चित्र हातभर दूर धरून पाहिलं आणि म्हणाली, "आता साजरा आला. मंगाचे चारबी येच्यापुढं फिके होते."

वामनराव मागून डोकावले. त्यांनी चष्मा सावरला, बोटानं एकेक मोजलं आणि हळूच म्हणाले, "सूर्यभान, बरगड्या जास्त झाल्या."

"राहू द्या जी," सूर्यभान कुंचला पुसत म्हणाला. "वाढतं लेकरू हाय."